टोचण्याआधीची खळी (प्रकल्प नोंदी)

७ जुलै २०२५

विषय पक्का झाला. मेंदूत इलेक्ट्रोड घालताना ऊतीवर किती बल येतं, ती किती दबते आणि कधी फाटते, हे टेबलावर मोजायचं. सर म्हणाले, "न्यूरोसायन्समध्ये घुसू नकोस. तू मेकॅनिकलची आहेस. बल, विस्थापन, वेळ. या तीन रकान्यांत बसेल तेवढंच कर."

संध्याकाळी आकडे जमवले. मेंदूच्या ऊतीचा शिअर मॉड्युलस (बाजूला सरकवताना ती किती ताठ लागते ते) साधारण १ किलोपास्कलच्या आसपास. कोण मोजतंय, किती वेगाने, किती तापमानाला, यावर तो निम्माही होतो आणि तिप्पटही. सिलिकॉनचा यंग मॉड्युलस (ताणताना-दाबताना किती ताठ ते) १७० गिगापास्कलच्या घरात, टंगस्टनचा ४०० च्या वर. फरक कोटींच्या पटीत. आईला सांगताना म्हटलं, कवडी दह्यात दाभण खुपसायचं आहे. तिने लगेच विचारलं, "मग दही फाटणार नाही का?" फाटणारच. किती आणि कसं, एवढाच माझा प्रकल्प.

९ जुलै

जुन्या थ्रीडी प्रिंटरचा उभा अक्ष काढून घेतला. नेमा १७ मोटर (पावलापावलाने फिरणारी), सोबत ८ मिमी लीडचा स्क्रू, म्हणजे एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा. एका फेऱ्याला २०० पावलं, म्हणजे पावलाला ४० मायक्रोमीटर. आपल्या कामाला हे फारच भरड. तपकीर गल्लीत दोन तास हिंडून २ मिमी लीडचा स्क्रू मिळवला. आता पावलाला १० मायक्रोमीटर, आणि मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे तुकडे) १६ वर ठेवलं तर एकाहूनही कमी. हे कागदावर. प्रत्यक्षात नटमधला खेळच त्याहून मोठा आहे. मोजणी फक्त खाली जाताना घ्यायची, म्हणजे खेळ एकाच बाजूला दबलेला राहील.

बल मोजायला लोडसेल १०० ग्रॅमचा, त्याचे आकडे वाचायला एचएक्स ७११ चा बोर्ड. सुई म्हणून अ‍ॅक्युपंक्चरची, ०.२५ मिमी जाडीची. स्वस्त आहे, टोक चांगलं आहे आणि शंभरच्या पाकिटात येते. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, घालायच्या खऱ्या इलेक्ट्रोडपेक्षा ती बरीच जाड आहे, ते ध्यानात ठेवायचं.

११ जुलै

दिवस वाया. सुई प्लास्टिकच्या कागदातून आरपार जाताना हाताला टक्कन जाणवते, आलेखात मात्र शिखर नाही, नुसता उतार. दुपारी कारण सापडलं. हा बोर्ड कारखान्यातूनच सेकंदाला १० वाचनांवर बांधून येतो. १ मिमी प्रति सेकंद वेगाने सुई चालली तर दर ०.१ मिमीला एक वाचन, आणि आकडा स्थिरावायला ४०० मिलिसेकंद. शिखर मधल्यामधे गायब. वर्कशॉपच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून १५ नंबरची पिन उचलली आणि वरच्या व्होल्टेजला जोडली. आता सेकंदाला ८०.

वजनं सोनाराकडे जाऊन त्याच्या काट्यावर तपासून आणली. १ मिलिन्यूटन म्हणजे दहावा भाग ग्रॅम, तांदळाचे चार-पाच दाणे. आपल्याला याच पट्ट्यात राहायचं आहे.

१४ जुलै

जेल. मेंदूच्या जागी ०.६ टक्के अ‍ॅगारोज वापरायचा प्रघात आहे. अ‍ॅगारोज महाग, म्हणून आधी किराणा दुकानातल्या चायना ग्रासवर हात बसवून घ्यावा म्हटलं. ते गढूळ होतं आणि त्यात तंतू राहतात. आत सुई दिसतच नाही. पुडिंगला ठीक.

अ‍ॅगारोज १०० मिलीला ०.६ ग्रॅम. नीट उकळलं नाही तर गुठळ्या राहतात, फार उकळलं तर पाणी उडून टक्केवारी चढते, म्हणून चंचुपात्राचं आधी आणि नंतर वजन करून तूट गरम पाण्याने भरून काढायची. गोठतं ३५ अंशांच्या आसपास. साच्यात ओतताना बुडबुडे आले तर चमच्याने काढत बसायचं, कारण सुईच्या वाटेवर एक बुडबुडा आला की त्या आलेखाचा भरवसा गेला. वरून सलाइनचा पातळ थर देऊन रात्रभर झाकून ठेवलं.

१६ जुलै

जेलमध्ये २० फेऱ्या. आलेख जवळजवळ सरळ रेषा: खोली वाढेल तसं बल वाढतं, कारण सुईच्या अंगावर घासणारा भाग वाढत जातो. सुरुवातीला किंचित उंचवटा, मग घर्षणच. सर बघून म्हणाले, "एवढंच असतं तर लोकांनी तीस वर्षं घालवली नसती."

खरं आहे. माझ्या जेलला कातडीच नाही.

१८ जुलै

कातडीचा शोध. मेंदूवर तीन पापुद्रे असतात. बाहेरचा ड्युरा, जाड आणि चिवट. शस्त्रक्रियेत तो कापून उघडतात. मधला अरॅक्नॉइड, कोळ्याच्या जाळ्यासारखा. आणि मेंदूला चिकटलेला, प्रत्येक घडीत उतरणारा, केसाहून पातळ पाया मॅटर. मराठी पाठ्यपुस्तकात दृढतानिका आणि मृदुतानिका. लॅटिनमध्ये कठोर आई आणि कोमल आई, आणि ती नावंही मुळात अरबीतून उतरलेली. कोमल आईच सुईला अडवते, ही गंमत.

आज जेलवर काय काय पसरलं: क्लिंग फिल्म (फारच चिवट, सुई टोचण्याआधी जेलच फुटला), दुधाची साय (हसू नये, दिसायला उत्तम होती, पण उचलतानाच विरली), आणि व्हिनेगरमध्ये कवच विरघळवून काढलेला अंड्याचा आतला पापुद्रा. अंड्याचा पापुद्रा चालला. पण त्याचं बळ पायापेक्षा ड्युराच्या जवळ जाणारं वाटतं. तरी पहिल्यांदा आलेखाला नाक आलं: बल चढत गेलं, टोक आत गेलं, बल कोसळलं, मग पुन्हा घर्षणाची रेषा.

आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये त्याआधीची गोष्ट दिसली. सुई खाली येते, पापुद्रा फाटत नाही, त्याला खळी पडते. खळी खोल होत जाते. सुई जेलमध्ये शिरलेलीच नसते, आणि तरी खालचा सगळा जेल दबून बाजूला सरकत असतो. इंग्रजीत याला डिंपलिंग म्हणतात. आपल्याकडे खळी गालावरची. तीच वापरते.

२० जुलै, रविवार

जेल पुरे, खरी ऊती हवी. पण आज गटारीचा रविवार. मटणाच्या दुकानासमोर रस्त्यापर्यंत रांग. तासाभराने नंबर लागला.

"मामा, भेजं हवंय. अख्खं. आणि त्याचा पाया शाबूत पाहिजे."

"ताई, पाया वेगळा मिळतो, चार नग घ्या."

"तो पाया नाही हो. भेज्यावरचा पातळ पापुद्रा असतो ना, तो."

मागच्या रांगेत हशा. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं ते कामाचं होतं: मुंडकं कोयत्याने मधोमध फोडलं की भेज्याचे दोन तुकडे होतातच. अख्खं हवं तर कवटी कडेकडेने काढावी लागते, त्याला वेळ लागतो, आणि आज तो नाही. "श्रावण लागू द्या. गिऱ्हाईक कमी असतं. सकाळी सातला या, समोर काढून देतो. जाड पडदा कवटीलाच चिकटून राहतो, पातळ तुम्हाला पाहिजे तसा राहील." ड्युरा आणि पायाचा फरक इतका स्वच्छ मला एकाही पाठात मिळाला नव्हता.

२८ जुलै

श्रावणातला पहिला सोमवार आणि मी शेळीचं भेजं घेऊन प्रयोगशाळेत. घरी सांगितलं नाही.

पहिला धडा: बाहेर काढलेला मेंदू स्वतःच्या वजनाने पसरतो. माणसाचा सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू कवटीतल्या द्रवात तरंगतो, तिथे त्याचं प्रभावी वजन ५० ग्रॅमच्या आसपास उरतं. ताटलीत ठेवला की तो भाकरीसारखा चपटा होत जातो. मग पोहणारा मेंदू करायचा ठरवलं: साच्यात कोमट अ‍ॅगारोज ओतून मेंदूचा खालचा अर्धा भाग त्यात बसवला, वर सलाइन. जेल फार गरम असताना ओतलं तर खालची ऊती शिजेल, म्हणून ३८ अंशांपर्यंत थांबले. थोडं उशिरा झालं असतं तर चंचुपात्रातच गोठलं असतं.

दुसरा धडा: फ्रिजमधून काढल्याबरोबर मोजू नये. थंड ऊती ताठ लागते. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, पण फार वेळ नाही. कापल्यापासून पाच तासांच्या आत सगळ्या फेऱ्या संपवायच्या, हा नियम ठरला.

तिसरा धडा मोजणीतच मिळाला. सुई भेज्यापर्यंत पोचायच्या आधी बल किंचित उणे जातं. सलाइनच्या पृष्ठभागाला टेकताच पाणी सुईला ओढून घेतं. पृष्ठताण गुणिले सुईचा परिघ: ०.२५ मिमीच्या सुईला जेमतेम ०.०६ मिलिन्यूटन. मग मला दिसलं ते त्याहून मोठं का? कारण सुईच्या मुठीला पाण्याचा थेंब लागलेला होता. पुसला, गेलं.

२९ जुलै

छताचा पंखा बंद. पंखा चालू असला की आलेखात लाट येते, इतकी नियमित की आधी मला तो भेज्याचाच काही गुण वाटला होता.

३१ जुलै

तीन भेजी, ४१ फेऱ्या, त्यातल्या ३३ वापरता येतील. १ मिमी प्रति सेकंद वेगाला पाया फाटतो तेव्हाचं बल ५ ते ९ मिलिन्यूटन. त्या क्षणी खळीची खोली १.३ मिमीच्या आसपास. म्हणजे सुईचं टोक आत गेलं असं आपण म्हणतो त्याआधीच ते १.३ मिमी खाली उतरलेलं असतं, आणि त्या खालची ऊती न फाटता चेपलेली असते. करड्या भागाचा थर एवढासा, त्यात हे अंतर थोडं नाही.

फाटल्यावर खळी झटकन वर येते, पण पूर्ण नाही. म्हणजे सुईच्या खोलीवरून टोक कुठल्या थरात आहे हे सांगता येत नाही. थरच खाली ढकललेला असतो.

हे बघून माझं लक्ष शिखरावरून खळीकडे गेलं. शिखराचा आकडा सुईला काय लागलं ते सांगतो. ऊतीला काय लागलं ते खळी सांगते.

१ ऑगस्ट

पाहुणी म्हणून पॉलिमाइड या लवचिक प्लास्टिकची पट्टी. पुढच्या सेमिस्टरला कुणी लवचिक प्रोब (मेंदूत घालायची इलेक्ट्रोडची पट्टी) करणार असेल तर हा हिशेब हाताशी असावा.

पट्टी १०० मायक्रोमीटर रुंद, १० जाड, २ मिमी लांब, यंग मॉड्युलस २.५ गिगापास्कल. एक टोक घट्ट धरलेलं, दुसरं ऊतीवर टेकलेलं. ऑयलरच्या सूत्राने ती ०.१ मिलिन्यूटनलाच वाकते. म्हणजे पाया फाटणं दूर, ती खळीसुद्धा धड पाडणार नाही. तेवढीच लांबी-रुंदी आणि १५ मायक्रोमीटर जाडीचं सिलिकॉन: २४ मिलिन्यूटन. सहज आत.

जाडी दुप्पट केली तर आठ पट फायदा, लांबी निम्मी केली तर चौपट. म्हणून लोक दोन वाटा धरतात. एक, पट्टीला पाण्यात विरघळणारं काहीतरी लावून तात्पुरतं ताठ करायचं: पॉलिइथिलीन ग्लायकॉल, माल्टोज, जिलेटिन, रेशीम. साखरेच्या पाकात बुडवलेला दोरा आत्ता ताठ आणि पाण्यात गेला की नरम, तसं. दुसरी, ताठ सुईने लवचिक धागा ओढत आत न्यायचा आणि सुई एकटीच बाहेर काढायची. न्यूरालिंक या मेंदूत इलेक्ट्रोड बसवणाऱ्या कंपनीच्या यंत्राचं काम याच पद्धतीचं, शिवणयंत्रासारखं.

मऊ ठेवायचं तर घुसत नाही, घुसवायचं तर मऊ राहत नाही. इथवर सगळ्यांना एकच भिंत.

५ ऑगस्ट

एका न्यूरोसर्जन मॅडमनी वीस मिनिटं दिली. सगळे आलेख घेऊन गेले. पार्किन्सनसाठीच्या डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये (मेंदूत खोल इलेक्ट्रोड ठेवून विजेचे हलके स्पंद देतात त्यात) या खळीचा किती त्रास होतो, असं विचारलं.

त्यांनी शांतपणे सांगितलं, "आम्ही पाया टोचत नाही गं. कवटीला भोक पाडतो, ड्युरा उघडतो, पायाचा तेवढा भाग बायपोलरने, विजेच्या चिमट्याने, जाळतो, पात्याने चिरतो, आणि मग नळी घालतो. तुझं हे नाक आमच्याकडे नसतंच."

दोन आठवड्यांचं काम डोळ्यांसमोरून गेलं. चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्यांनी चहा मागवला.

मग त्यांच्या अडचणी ऐकल्या. लीड, म्हणजे आत राहणारी इलेक्ट्रोडची तार, १.२७ मिमी जाड आणि टोक गोल, तिला वाट करून द्यायला आधी ताठ नळी. ड्युरा उघडला की द्रव झिरपतो, हवा शिरते, आणि मेंदू बसतो. थोडाच, पण लक्ष्य जिथे असतं तिथे थोडंही फार. म्हणून भोक लवकर बंद करायचं, गोंद लावायचा, द्रव कमीत कमी जाऊ द्यायचा. शेवटचे १०-१५ मिमी सूक्ष्म इलेक्ट्रोडने पेशींना कान देत, अर्धा-अर्धा मिमी, सावकाश. पृष्ठभागावरची रक्तवाहिनी स्कॅनवर बघून टाळतात. "आतली बारीक दिसत नाही. तिथे नशीब आणि सावकाशपणा."

निघताना म्हणाल्या, "पण ज्यांना शंभर ठिकाणी एकदम टोचायचंय, ते शंभर चिरा कुठे देणार? त्यांच्यासाठी तुझं नाक कामाचं आहे."

६ ऑगस्ट

काल रात्री याच प्रश्नावर वाचलं. यूटा विद्यापीठातली जाळी: १० गुणिले १० सुया, एकमेकींपासून ४०० मायक्रोमीटर, सगळी मिळून ४ मिमीचा चौकोन. शंभर टाचण्या एकदम दाबल्या की एकही टोचत नाही, हे आपल्याला खिळ्यांच्या खाटेवर झोपणाऱ्या साधूवरून माहीत आहेच. सावकाश दाबली तर जाळी आत जात नाही, कॉर्टेक्सच खाली बसतो. राउश आणि नॉर्मन यांनी १९९२ मध्ये हवेच्या दाबाने ठोकणारं यंत्र दाखवलं. १.५ मिमी पूर्ण आत जायला ८.३ मीटर प्रति सेकंद लागले. म्हणजे मिलिसेकंदाच्या पाचव्या भागात काम तमाम. खळी पडायला ऊतीला फुरसतच द्यायची नाही.

कालचे दोन आठवडे वाया गेले नाहीत, एवढं कळलं. फक्त प्रकल्पाच्या शीर्षकातला 'इम्प्लांट' हा शब्द आता दोन वेगळ्या गोष्टींचा वाटतो.

११ ऑगस्ट

वेग. इथे वाचावं तितकं डोकं फिरतं. २००६ मध्ये ब्योर्नसन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या ताज्या मेंदूच्या जाड चकत्यांवर दाखवलं की टोकदार प्रोब वेगाने घातला तर ऊतीतली विकृती (ताण-दाबाने आकारात होणारा बदल) सरासरीने कमी. त्यांचा सर्वांत जास्त वेग २ मिमी प्रति सेकंद. २०१९ मध्ये फियाट आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरांत उलट टोक पकडलं: १ मिमीपासून ०.००२ मिमी प्रति सेकंदापर्यंत उतरत गेले, आणि सर्वांत सावकाश घातलेल्या प्रोबवर पेशींचे सिग्नल सर्वांत चांगले आले. त्या वेगाने १ मिमी जायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात.

दोघं खोटं बोलत नाहीत. एकाने विकृती मोजली, दुसऱ्याने पेशी जिवंत किती राहिल्या ते ऐकलं.

माझे आकडे, पाया शाबूत: ०.१ मिमी प्रति सेकंदाला खळी १.६ मिमी, १ ला १.३, १० ला ०.९. शेवटचा फक्त कॅमेऱ्यावरून. लोडसेल तिथे निरुपयोगी आहे, कारण १० मिमी वेगाला तो स्थिरावेपर्यंत सुई अर्धा मिमी पुढे.

१३ ऑगस्ट

१० मिमीच्या फेरीतलं बल तरी थोडंफार वाचता येईल का, म्हणून खटाटोप. हवेत, खाली काहीच नसताना सुई चालवली. ८ मिलिन्यूटनचं देखणं शिखर आलं! हवा टोचली.

हिशेब केला. लोडसेल सुईबरोबरच खाली येतो. ५ मिलिसेकंदांत १० मिमी प्रति सेकंद गाठायचं तर त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग, होल्डर ४ ग्रॅमचा, झाले ८ मिलिन्यूटन. पाया फाटण्याइतकंच. लोडसेल भेज्याखाली ठेवला असता तर ही कटकट नव्हती, पण साचा, जेल, भेजं, सलाइन मिळून १०० ग्रॅमच्या कितीतरी पुढे जातं. यापुढे प्रत्येक वेगाला आधी एक हवेतली फेरी, आणि तो आलेख वजा करायचा. जुन्या १ मिमीच्या फेऱ्या तपासल्या, तिथे चूक नगण्य आहे. जीव भांड्यात पडला.

१४ ऑगस्ट

विश्रांतीचे आलेख. सुई ४ मिमीवर थांबवली आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसले. बल पहिल्या दहा सेकंदांत निम्म्यावर आलं, मग रेंगाळत उतरत राहिलं, पाच मिनिटांनीही थांबलं नव्हतं. दोन घातांकांची प्रोनी मालिका (दोन उतरत्या वक्रांची बेरीज) बऱ्यापैकी बसते. तीन घातले तर सॉफ्टवेअरने एका स्थिरांकाला उणे किंमत दिली, म्हणून दोनच.

मेंदूत जवळपास ८० टक्के पाणी. बलाची ही उतरण काही अंशी पाणी बाजूला झिरपतं त्याची, काही अंशी जाळं सैलावतं त्याची. माझ्या एका सुईवरून दोन्ही वेगळं काढता येणार नाही. सरांना फाइनाइट एलिमेंट (ऊतीचे बारीक तुकडे कल्पून संगणकावरचा हिशेब) हवं आहे, म्हणून मिलर आणि चिन्झेई यांचं २००२ चं ऑग्डेन मॉडेल (मऊ पदार्थ किती ताणला-दाबला की किती बल, याचं सूत्र) घेतलं: ८४२ पास्कल, घातांक उणे ४.७, डुकराच्या मेंदूवरून काढलेलं. उणे घातांकाचा अर्थ असा की ही ऊती दाबाला ताठ आणि ताणाला मऊ. खळीच्या तळाशी दाब आणि काठावर ताण. काठ आधी का फाटत नाही, हे मग पायाच्या बळावरच टाकावं लागतं.

१८ ऑगस्ट

संध्याकाळी सहानंतर मोजणी बंद. नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू होतो आणि टेबल थरथरतं. लोडसेलने ताशा आणि ढोल वेगळे ओळखले, इतकी आता त्याची तयारी झाली आहे. टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, फरक पडला नाही.

२१ ऑगस्ट

१.२७ मिमीची स्टीलची सळई, टोक घासून गोल केलेलं. डीप ब्रेनच्या लीडची नक्कल, नळीशिवाय. पाया शाबूत ठेवला तर ती टोचतच नाही, भेज्याला मुठीसारखी खोलगट दाबत जाते. ६ मिमीवर मी थांबवली. मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पात्याने छोटी चीर दिली (जाळायला काही नाही) आणि त्याच भेज्यावर दुसऱ्या जागी घातली. नाक नाही, खळी नावापुरती, बल घर्षणाच्या रेषेत. इतका सरळ फरक मला या प्रकल्पात दुसरा कुठे दिसलेला नाही.

२५ ऑगस्ट

आधी वेगात, मग सावकाश: पहिला दीड मिमी १० मिमी प्रति सेकंदाने, पुढचं ०.१ ने. कल्पना मला माझीच वाटत होती. सरांनी तिचे तीन पूर्वज एका श्वासात सांगितले. नऊ फेऱ्या. खळी वेगवान फेरीइतकीच लहान. पण वेगातून सावकाशीत येताना मोटर जो धक्का देते, त्याने टोक आतल्या आत हलतं, स्लो मोशनमध्ये दिसतं. जिवंत ऊतीत त्या हलण्याची किंमत काय, हे माझ्या टेबलावर कळणार नाही. इथे रक्तदाब नाही, फुटायला रक्त नाही, सुजायला कुणी जिवंत नाही.

२७ ऑगस्ट

गणपती. सुट्टी.

९ सप्टेंबर

विसर्जनानंतर कामाला. सुई काढतानाचे आलेख आतापर्यंत कुणी मागितले नव्हते, म्हणून मीही बघितले नव्हते. काढताना बल उणे जातं आणि पाया सुईबरोबर वर उचलला जातो, खळीच्या उलट, छोटा तंबू. घुसताना जितकं सावध राहावं तितकंच निघताना. धागा आत ठेवून सुई एकटी काढणाऱ्यांना हे फार जाचत असणार: ऊती सुईला धरते, आणि सुई धाग्याला.

आत राहिलेल्या धाग्यालाही स्वस्थता नाही. २००६ मध्ये ॲरिझोनात गिलेटी आणि मुथुस्वामी यांनी बेशुद्ध उंदरांच्या कॉर्टेक्सची हालचाल मोजली होती: श्वासागणिक १० ते ३० मायक्रोमीटर, नाडीगणिक २ ते ४. माणसाचा मेंदू त्याहून किती तरी मोठा. न्यूरालिंकने मे २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केलं की पहिल्या रुग्णाचे काही धागे मेंदूतून मागे सरकले होते. माझ्या तीन रकान्यांत 'वेळ' हा रकाना पाच मिनिटांचा आहे. त्यांचा महिन्यांचा.

१२ सप्टेंबर

मॅडम आल्या. स्वतःहून. सरांनी पंखा लावला, मी बंद केला.

शिखरांचे आलेख त्यांनी पटापट उलटले. सळईच्या चिरेचा व्हिडिओ दोनदा पाहिला. मग एका फेरीच्या शेवटी, जिथे मी कॅमेरा बंद करायला विसरले होते, तिथे थांबल्या. सुई बाहेर आली आहे, वर गेली आहे, चौकटीत नुसतं भेजं. आणि त्यावर खळी तशीच.

"ही किती वेळ राहते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०० च्या वर फेऱ्या, आणि सुई वर गेली की मी पुढच्या जागेकडे वळत होते.

सकाळचंच एक भेजं सलाइनमध्ये होतं. नवी जागा, १ मिमी प्रति सेकंद, ४ मिमी, पाच मिनिटं मुक्काम, मग बाहेर. टॉर्च तिरपा लावला, म्हणजे खळीची सावली पडते. ११.४० ला सुई बाहेर. ११.४५ ला सावली निम्मी. १२ ला मॅडमना ओपीडीला जायचं होतं, तरी त्या स्टुलावर बसून राहिल्या. १२.१० ला निघाल्या, दारातून म्हणाल्या, "कळव मला."

१२.४० ला सावलीचा काठ अंधुक. सव्वाला डबा खाऊन आले. टॉर्च अगदी आडवा धरला तर अजून दिसत होती.